नीळ संपली त्या वर्षी

माझे वडील कधीही तुरुंगात गेले नव्हते. ते एक दिवस ठाण्याच्या कचेरीत बाकावर बसले होते आणि दिवेलागणीच्या आत कल्याणला घरी परत आले होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आता गावात शाळेतल्या मुलांना दुसरंच सांगितलं जातं. सांगणारी माणसं खोटारडी नाहीत. त्यांनी ते कुणाकडून तरी ऐकलंय आणि त्या कुणीतरी आणखी कुणाकडून. मी मात्र त्या बाकाशेजारी उभी होते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आमचं घर कल्याणात खाडीच्या अंगाला. पुढच्या पडवीत गणपतीचा कारखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. आबा चितारी. श्रावण-भाद्रपदात नाग, कृष्ण, गणपती, गौरीचे मुखवटे. बाकीच्या महिन्यांत पालख्या, पाळणे, देवळांचे दरवाजे, मिळेल ते रंगवायचं. शाडू मळायचं काम आईचं. ती डोंबिवलीची, भातशेती करणाऱ्या घरातली. माझा भाऊ माझ्याहून लहान, तो साच्यातून मूर्ती काढायचा. मी मुलींच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन ठाण्याजवळ माजिवड्याला गेले. माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत नकलनवीस होते. तरी दर वर्षी आषाढ लागला की मी माहेरी जायची, कारण मुकुट, बाजूबंद, हार यांची आखणी माझ्याकडे असे. सासूबाई कुरकुर करायच्या, पण येताना मी त्यांच्यासाठी गणपती आणायची, तेव्हा कुरकुर बेतानंच असायची.

आबांचा सगळा जीव मूर्तीच्या हातांत. तोंड काय, ते साच्यातून निघतं, असं ते म्हणायचे. हात मात्र ते स्वतः करायचे, प्रत्येक मूर्तीचे वेगळे. बाजारात गेले की माणसांच्या हातांकडे बघत उभे राहायचे. मासळी निवडणारी बाई, तराजू धरलेला वाणी, पोराला थोपटणारी आई. आशीर्वादाचा हात ताठ दिसता कामा नये, तो नुकताच उचलल्यासारखा दिसायला हवा, हे त्यांनी मला इतकं ऐकवलंय की अजूनही कुठल्या मूर्तीसमोर उभी राहिले की माझी नजर आधी हातावर जाते.

त्या काळात चौकात सगळ्यांनी मिळून गणपती बसवायची पद्धत नवीनच निघाली होती. मुंबई-पुण्याकडे सुरू झाली होती, मग कल्याणातही ठरलं. पुढाकार एका वकिलांचा. तरुण, हुशार, बोलायला लागले की ऐकत राहावं असे. ते कारखान्यात आले आणि आबांना म्हणाले, "चितारी, पुरुषभर उंच मूर्ती पाहिजे. आणि पायाखाली राक्षस." आबांनी एवढी मोठी मूर्ती कधी केली नव्हती. ते हरखून गेले. राक्षसाबद्दल वकिलांनी आणखी काही सांगितलं नाही, आबांनीही विचारलं नाही. राक्षस निळसर हिरवा असतो हे ठरलेलंच.

पण त्या वर्षी पाऊस थांबेना. मुंब्र्याच्या बाजूला दरड कोसळून गाड्या बंद पडल्या, आणि मुंबईहून येणारं रंगांचं पार्सल तिकडेच अडकलं. घरात होती तेवढी नीळ गणपतीच्या शेल्याला आणि उंदराच्या झुलीला लागली. गावातल्या वाण्याकडचीही संपली. भाऊ म्हणाला, काजळी लावू. आबांना ते पटलं नाही. काळ्या राक्षसाचे दिव्याच्या उजेडात नाकडोळे दिसत नाहीत, नुसतं भोक पडल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी खडूच्या पांढऱ्यात उरलेला लाल हिंगूळ घालून त्यांनी राक्षसाला माणसाच्या अंगाचा रंग दिला. हिंगूळ थोडा जास्त पडला. राक्षसाच्या दाढीमिशा नेहमीप्रमाणे अंबाडीच्या धाग्यांच्या, तांबूस पिवळ्या. निळ्या अंगावर त्या भयंकर दिसायच्या. गुलाबी अंगावर वेगळ्याच दिसायला लागल्या.

कल्याण म्हणजे रेल्वेचं गाव. गोरे ड्रायव्हर, गार्ड आम्हाला रोजचे. आईनं हात धुता धुता राक्षसाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा तर ठेसनावरचा गार्ड दिसतोय."

आम्ही सगळे हसलो. आबाही हसले. मग त्यांनी मागे सरून नीट पाहिलं आणि म्हणाले, "दिसू दे. शेवटी पाण्यातच जायचाय."

इतकंच. यापेक्षा जास्त काही त्या पडवीत घडलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण इतकं घडलं, हेही सांगायला हवं.

चतुर्थीला मूर्ती चौकात गेली आणि पहिल्याच दिवशी लोकांच्या ते ध्यानात आलं. आधी पोरं बोट दाखवून हसली, मग मोठी माणसं कुजबुजायला लागली. दुसऱ्या दिवशी मेळ्यातल्या मुलांनी राक्षसावर पद रचून म्हटलं. शहाडहून, विठ्ठलवाडीहून माणसं चिखल तुडवत बघायला आली. आबा खूश होते. एवढी गर्दी त्यांच्या कुठल्याच कामाला कधी झाली नव्हती. गर्दी कशासाठी होती हे त्यांना दोन दिवस कळलंच नाही. कळलं तेव्हा शिपाई दारात उभा होता.

ठाण्याला बोलावणं आलं. वकील सोबत जायला निघाले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाड्या सुरू झाल्या तशी मी माजिवड्याला परतले होते, सासरचा गणपती होता. यजमानांनी कचेरीत सासऱ्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसलेलं पाहिलं आणि शिपायाबरोबर मला निरोप धाडला. मी भाकरी बांधून घेऊन गेले. आबा पागोटं मांडीवर ठेवून बसले होते. आईनं सकाळी घाईत काही खायला दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी आधी भाकरी खाल्ली. यजमान दुरूनच बघत होते. जवळ आले नाहीत, पण पाण्याचा तांब्या पाठवला. त्यांची नोकरी त्याच कचेरीत होती. त्या दिवशी मला राग आला, आता येत नाही.

मग आत बोलावलं. दार उघडंच होतं. टेबलामागे साहेब बसले होते आणि विचारत होते फौजदार.

"राक्षस गोरा का केलास?"

आबा म्हणाले, "नीळ संपली होती, साहेब."

"कुणी सांगितलं?"

"वाण्यानं. म्हणाला, गाडी सुरू झाली की येईल."

व्हरांड्यातल्या कारकुनांनी तोंडावर हात धरले. फौजदारांना वाटलं हा माणूस चेष्टा करतोय. ते आवाज चढवून म्हणाले, की राक्षस असा रंगवायला कुणी सांगितलं हे विचारलंय. तेव्हा आबा गोंधळले. कुणी नाही सांगितलं, असं म्हणाले, आणि हिंगूळ जास्त कसा पडला ते समजावून सांगायला लागले. साहेबांनी इंग्रजीत विचारलं की हा काय म्हणतो. फौजदारांनी सांगितलं. साहेबांनी मान वर करून आबांकडे पाहिलं. ते चिडले नव्हते, असं मला वाटतं. त्यांना हे प्रकरण लवकर आटपायचं होतं. राक्षस विसर्जनापर्यंत झाकून ठेवावा असं त्यांनी फर्मावलं. वकील कायद्याचं काहीतरी बोलले आणि कबूल झाले. आबा संध्याकाळच्या गाडीनं कल्याणला गेले.

ते पोचायच्या आधी बातमी पोचली होती. स्टेशनावर माणसं जमली होती, त्यांनी आबांना हार घातला. भावानं मला नंतर सांगितलं, आबांना वाटलं आपल्यामागून कुणी मोठा माणूस गाडीतून उतरतोय, म्हणून ते बाजूला सरून उभे राहिले.

राक्षसावर शाल टाकली. त्यामुळे बघायला दुप्पट माणसं यायला लागली. विसर्जनाला मी नवऱ्याला विचारून कल्याणला गेले. खाडीच्या काठावर वकिलांनी भाषण केलं. साहेबासमोर आपला चितारी कसा छातीवर हात ठेवून उभा राहिला, आणि साहेबानं राक्षस गोरा का असं विचारल्यावर तो काय म्हणाला, हे त्यांनी सांगितलं. "तो म्हणाला, नीळ संपली साहेब, सगळी तुम्ही विलायतेला नेली." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आबा तिथेच मूर्तीच्या पाटाला हात लावून उभे होते.

दुसऱ्या दिवशी ते वकिलांकडे गेले आणि म्हणाले की शेवटचं वाक्य मी बोललो नव्हतो. वकिलांनी त्यांना बसवलं, गूळपाणी दिलं. म्हणाले, "तुमच्या मनात तेच होतं. तुम्हाला बोलता आलं नाही, मी बोललो."

आबा घरी आले. मला म्हणाले, "माझ्या मनात होतं का गं तसं?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, आबा. त्यांना खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं.

पुढे वर्षभर ते जातील तिथे त्यांना तेच सांगायला लावायचे. पहिल्यांदा ते खरं सांगायचे: पाऊस, दरड, वाणी. लोक हसायचे आणि एकमेकांना म्हणायचे, बघा किती बेरकी आहे, अजून कबूल करत नाही. खरं सांगितलं की तो विनोद वाटायचा. मग ते नुसते हसायला लागले. मला खोटं लिहायचं नाही: त्यांना ते काही आवडत नव्हतं असं नाही. देवळाच्या पुढच्या दारानं बोलावून कुणी त्यांना 'या, बसा' म्हटलेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं. एका मुंबईच्या वर्तमानपत्रात त्यांच्याबद्दल छापून आलं ते मीच त्यांना वाचून दाखवलं. त्यात त्यांना 'राष्ट्रीय कलावंत' म्हटलं होतं. त्यांनी मला राष्ट्रीय म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, सगळ्या देशाचा. ते म्हणाले, मी तर नाशिकच्या पलीकडे गेलेलो नाही.

माझ्या घरी मात्र त्याची झळ लागली. यजमानांच्या वरच्या अधिकाऱ्यानं त्यांना बोलावून सासऱ्याबद्दल चौकशी केली. यजमानांनी मला बंदी घातली नाही, पण पुढच्या आषाढात मी निघाले तेव्हा ते अर्ध्या ताटावरून उठले. मी गेले.

त्या वर्षी नीळ भरपूर होती. आबांनी राक्षस निळा केला, दाढीमिशा काजळीत बुडवून काळ्या केल्या. त्यांना वाटलं आता विषय मिटेल. झालं उलटंच. सरकारनं चिताऱ्याला दम दिला, घरावर पहारा बसवला, म्हणून बिचाऱ्याला राक्षस निळा करावा लागला, असं गावभर झालं. बायका येऊन आईला विचारायला लागल्या, शिपाई रात्रीही असतात का? आई म्हणायची, या घरात मांजर धरून पाच जिवांना जागा पुरत नाही, शिपाई कुठे बसवू. त्यावर त्या समजूतदारपणे मान हलवायच्या.

त्या मूर्तीचा हात आबांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला हात होता. करंगळी किंचित वाकलेली, तळवा मऊ, वाटावं की आत्ता कुणाच्या तरी डोक्यावर टेकेल. मी आणि आबा चौकात एका बाजूला उभे राहून बघत होतो. लोक येत, वाकून राक्षस बघत, निळा पाहून हळहळत आणि जात. आबा म्हणाले, "सगळे पायाखालीच बघतात."

त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत. प्लेग आला. कल्याणात घरंच्या घरं रिकामी झाली. माणसं शेतात झोपड्या बांधून राहिली. आबांना ताप भरला, काखेत गाठ आली, आणि तपासणीला आलेल्या माणसांनी त्यांना गावाबाहेरच्या छावणीत नेलं. तिथे कुडाचं कुंपण होतं आणि दाराशी शिपाई. आईला आत सोडेनात. ती कुंपणाबाहेर बसून राहायची. मी माजिवड्याहून निघाले तर मला स्टेशनावरच अडवलं, गाडीत बसू दिलं नाही. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं नाही. आईला एकदा त्यांचा आवाज ऐकू आला. त्यांनी ओरडून सांगितलं, शाडू भिजत टाकलाय, त्याच्यावर ओलं पोतं टाक, नाहीतर तडकेल. आई घरी आली, पोतं टाकलं, आणि परत गेली तोवर ते गेले होते.

गाव पुन्हा भरल्यावर चौकात शोकसभा झाली. वकील बोलले. "आपला चितारी सरकारच्या पहाऱ्यात मेला," असं ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं. दाराशी पहारा होताच. पण ऐकणाऱ्यांनी 'पहारा' हा शब्द घरी नेला तेव्हा त्याचा तुरुंग झाला होता. दोन-तीन वर्षांनी नागपूरकडचे एक पाहुणे आमच्याकडे माजिवड्याला उतरले होते. ते जेवताना सांगत होते, की कल्याणच्या एका मूर्तिकाराला साहेबानं फटके मारले, बोटं तोडली, तरी त्यानं गोऱ्या राक्षसाचा रंग बदलला नाही, आणि तो कैदेतच मेला. मी वाढत होते. यजमान माझ्याकडे बघत होते. मी पाहुण्यांना आणखी आमटी वाढली. मी काय सांगणार होते? माझे वडील म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी उठून माझ्या पाया पडायलाही कमी केलं नसतं.

नवं शतक लागून वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर आणि स्वराज्याची हवा तापल्यावर गावातल्या तरुणांनी ठरवलं की वाचनालयात आबांची तसबीर लावायची. फोटो कधी काढलेला नव्हता. मुंबईहून चित्रकार आणला. त्यानं भावाला समोर बसवलं, कारण भाऊ थोडासा आबांवर गेलाय, आणि त्याला केशरी पागोटं बांधलं, छाती पुढे काढायला लावली. भाऊ लाजत होता. चित्र चांगलं झालं, पण आबांचा खांदा डावीकडे जरा पडलेला होता, वर्षानुवर्षं वाकून काम केल्यानं, तो त्यात नव्हता. हात तर चित्रात घेतलेच नव्हते.

अनावरणाच्या दिवशी म्हातारे झालेले वकील अध्यक्ष होते. सुरू व्हायच्या आधी मी त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्ही त्या दिवशी कचेरीत होता. आबा संध्याकाळी घरी आले ते तुम्हाला ठाऊक आहे."

ते म्हणाले, "बाई, मला सगळं ठाऊक आहे. पण चितारी परत आला आणि जेवून झोपला, एवढंच सांगितलं तर ही मुलं उठून उभी राहतील का? त्यांना उभं राहायला काहीतरी लागतं."

"आणि त्यांचं काम?"

"कामावर तुम्ही बोला," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले, आणि त्यांनी शब्द पाळला. भाषणं झाल्यावर त्यांनी माझं नाव पुकारलं. बायकांतून उठून मी पुढे गेले आणि आबा हात कसे करायचे ते सांगितलं. मासळीवाली, वाणी, थोपटणारी आई, सगळं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग टाळ्या वाजवल्या. शेवटी एका मुलानं मला अदबीनं विचारलं, बोटं कुठल्या तुरुंगात तोडली. मी म्हटलं, बोटं शाबूत होती, ते प्लेगनं गेले. त्यानं ते ऐकून घेतलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्याला माझी कीव आली. म्हातारी घाबरतेय, असं त्याला वाटलं असावं.

मला त्या मुलाचा राग नाही. वकिलांचाही नाही. त्या तसबिरीपुढे उभं राहून पुढे कितीकांनी शपथा घेतल्या आणि त्यातले काही खरोखरच तुरुंगात गेले. त्यांना आबांनी पाठवलं की वकिलांनी, हे मला ठरवता येत नाही.

आबांचं काम कुठे शिल्लक आहे म्हणाल तर जवळजवळ कुठेच नाही. चिताऱ्याचं काम पाण्यात जातं. पण गेल्या भाद्रपदात मी आईच्या माहेरी डोंबिवलीला गेले होते. शेजारच्या घरी गौरी बसल्या होत्या, तिथे हळदीकुंकवाला बोलावलं. मुखवटा बघितला आणि ओळखला. कानाजवळची ती एक बट फक्त आबाच काढायचे. रंग दोनतीन ठिकाणी उडालाय, कुणीतरी वरून बोटानं लावलेला दिसतो. मी घरच्या सुनेला म्हटलं, हा माझ्या वडिलांनी केलाय. ती म्हणाली, "हो का? आमच्या आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचा आहे. छान आहे, नाही?" मी म्हटलं, छान आहे. तिनं मला कुंकू लावलं, ओटी भरली, आणि पुढच्या बाईकडे वळली.